कमान

आमच्या घरात एक पिस्तूल होतं. परवान्यावर त्याची नोंद 'रिव्हॉल्व्हर, बत्तीस बोअर' अशी होती आणि बनावट इंग्लंडातल्या वेब्ली कंपनीची. पण गावात सगळे त्याला पिस्तूलच म्हणायचे. "पाटलाच्या घरी पिस्तूल हाय" एवढ्या एका वाक्यावर आमच्या वाड्याचा निम्मा दरारा उभा होता. पणजोबांकडे पोलीस पाटीलकी होती. कुण्या जहागीरदारानं त्यांना ते खूश होऊन दिलं, असं सांगत. आम्हा पोरांना मात्र वेगळीच गोष्ट माहीत होती : आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, याच पिस्तुलानं रझाकार पळवून लावले. ही गोष्ट आबांनी कधी सांगितली नव्हती. पण कधी खोडूनही काढली नव्हती.

गाव अंबड रस्त्याला, आत. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मेंटेनन्स फिटर होते. कोरडवाहू जमिनीवर दोन भावांचं भागेना, म्हणून धाकट्यानं शेती पाहायची आणि थोरल्यानं मिल गाठायची, अशी वाटणी झाली होती. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत अशीच वाटणी होती. 'जालना, सोने का पालना' ही म्हण जुन्या बाजारपेठेच्या काळातली. आमच्या पिढीनं पाहिलेलं जालना बियाण्याचं आणि लोखंडाचं. देशभरातून भंगाराचे ट्रक यायचे. तुटके नांगर, मोटारीचे सांगाडे, पत्रे, पाइप, सगळं भट्टीत जायचं, त्याचे ठोकळे व्हायचे, ते पुन्हा लाल करून रोलमधून ओढले की सळई. दादा रात्रपाळी करून सकाळी मोटारसायकलवर घरी यायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला बारीक बारीक भोकं पडलेली असायची. ठिणग्यांची.

१९९४ ची दिवाळी. आबांनी सत्तरी ओलांडली होती आणि परवाना दादांच्या नावावर करायचं चाललं होतं. अर्ज, दाखले, ठाण्यातले हेलपाटे. हत्यार एकदा ठाण्यात दाखवावं लागणार होतं. दादा पडले फिटर. बंद पडलेली वस्तू त्यांना सहन व्हायची नाही. घरातला मिक्सर असो की विहिरीवरची मोटार. त्यांनी पिस्तूल कापडातून काढलं, रिकामं आहे याची दोनदा खात्री केली, घोडा ओढून सोडून पाहिला आणि मान हलवली. घोडा पडत होता, पण झोपेतल्या माणसाचा हात पडावा तसा.

"कमान बसली," दादा म्हणाले.

स्प्रिंगला आमच्याकडं जुनी माणसं कमानच म्हणतात. घड्याळाची कमान, कुलपाची कमान. शब्द फारसी, मूळ अर्थ धनुष्य. धनुष्य म्हणजे तरी काय, वाकवून धरलेली ताकद. बंदुकीचा सगळा इतिहास एका परीनं या कमानीचाच आहे. जुनी तोड्याची बंदूक पेटत्या वातीवर चालायची. मराठ्यांच्या फौजांत तीच जास्त. तिला कमानीचं फारसं काम नव्हतं. मग चकमकीची बंदूक आली. गारगोटी पोलादावर जोरात आपटून ठिणगी पाडायची तर मागं दणकट कमान पाहिजेच. १८०३ च्या सप्टेंबरात आपल्याच जिल्ह्यात, असईला, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मध्ये शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि वेलस्लीचं सैन्य भिडलं, तेव्हा कंपनीच्या शिपायांच्या हातात चकमकीच्याच बंदुका होत्या. पुढं गारगोटी गेली, टोपी आली. ठासणीच्या बंदुकीच्या घोड्याखाली ती टोपी फुटायची. मग काडतूस आलं आणि टोपी काडतुसाच्या बुडात जाऊन बसली. दारू बदलली, नळी बदलली, पण घोडा आपटायचं काम शेवटपर्यंत कमानीकडंच राहिलं. ती बसली की बाकीचं हत्यार कितीही भारी असो, ते लोखंडच.

आमच्या पिस्तुलातली कमान चपट्या पोलादाची होती, चिमट्यासारखी दुमडलेली. दादांनी ती माझ्या तळहातावर ठेवली. घोडा मागं ओढला की हिच्या दोन पात्या जवळ येतात, सोडला की फाकतात, आणि तो धक्का घोड्याला मिळतो. आतल्या बाजूनं तिच्यावर तांबेऱ्याचे बारीक खड्डे होते. दादा म्हणाले, "नुसती दाबून ठेवली म्हणून चांगली कमान मरत नाही. तिला गंज मारतो. नाहीतर ताकदीबाहेर वाकवली तर मरते." हे त्यांनी मिलमध्ये शिकलेलं होतं.

त्यांच्याबरोबर एक चुन्याची पितळी डबी होती. आबांची. तिच्यात सहा जुनी काडतुसं. पाच सारखी. सहाव्याच्या बुडाला, टोपीच्या बरोबर मधोमध, एक उथळ खड्डा. बोटाच्या नखानं दाबल्यासारखा. दादा ते बराच वेळ उजेडात फिरवून बघत होते. "हे काडतूस उडालेलं नाही," ते म्हणाले, "पण घोडा याच्यावर पडलेला आहे. काडतूस सादळलं असतं तर खड्डा खोल पडला असता अन् तरी उडालं नसतं. हा खड्डाच उथळ आहे. म्हणजे कमान तेव्हाच बसलेली होती." मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "पण घोडा ओढला कुणी? कवा?"

मी तेव्हा नववीत होतो. माझ्या डोक्यात लगेच रझाकार आले.

दादा आधी रीतसर औरंगाबादला एका परवानाधारक दुकानात जाऊन आले. तिथं उत्तर मिळालं, हा भाग मिळणार नाही. बाहेरून हत्यारं आणि सुटे भाग येणं बंद झालंय, याच मॉडेलचं एखादं मोडीतलं सापडलं तरच. हे खरंही होतं. ऐंशीच्या दशकात सरकारनं सामान्य परवानेधारकांसाठी परदेशी हत्यारांची आयात बंद केली, तेव्हापासून देशातली जुनी विलायती पिस्तुलं म्हणजे खानदानी म्हातारी झाली. मान मोठा, औषध नाही. म्हणून दादांनी ठरवलं, कमान आपणच करायची. घरीच.

लोखंड गिरणीत डोंगरासारखं पडलेलं, पण त्यातलं कामाचं थोडं. आमच्या मिलमध्ये तेव्हा पिळाची टोर सळई निघायची, टीएमटी नंतर आली. बांधकामाची सळई वाकवली की वाकलेलीच राहते, आणि तशीच ती राहायला पाहिजे. कमानीचं पोलाद वेगळं. त्यात कार्बन सळईच्या दुपटीहून जास्त, आणि त्याला पाणी देऊन पुन्हा हलक्या आचेवर उतरवावं लागतं, तेव्हा ते वाकून परत जागेवर येतं. असं पोलाद भंगारात कुठं मिळतं हे खेड्यातल्या कुठल्याही लोहाराला विचारा. ट्रकच्या पाट्यात. आपल्याकडचे निम्मे विळे, खुरपी, कोयते ट्रकच्या तुटक्या पाट्यांतूनच जन्माला आलेले असतात. दादांनी मिलच्या भंगारातून वजनावर पैसे भरून, गेट पास करून, वीतभर पाटा घरी आणला.

आधी ते आमच्या गावच्या लोहारमामांकडं गेले. मामांनी पाटा हातात घेतला, हातोडीनं वाजवून पाहिला, खूश झाले. मग कशाची कमान ते कळल्यावर पाटा खाली ठेवला. "दादा, इळा सांगा, कोयता सांगा. ह्ये काम नगं. आमच्या जातीला पोलीस लवकर घेऊन जातेत." त्यांचं बरोबर होतं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात नुसतं हत्यार बाळगायला परवाना लागतो असं नाही; ते बनवायला, विकायला आणि दुरुस्त करायलाही वेगळा परवाना लागतो. आपलं पिस्तूल, आपला परवाना, म्हणून आपण घरी बसून ते दुरुस्त करू शकतो, असा समज आजही गावोगाव आहे. तो चुकीचा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीची शिक्षा जन्मठेपेपर्यंत गेली आहे. लोहारमामांनी कायदा वाचलेला नव्हता. त्यांना तो अनुभवानं माहीत होता.

दादांना मात्र तेव्हा एवढं कळलं नाही. त्यांच्या डोक्यात फक्त कमान होती. त्यांनी मिलच्या टूलरूममधल्या मिस्त्रींना गाठलं. मिस्त्री आमच्याच गावचे, नालबंदचाचांचा मुलगा. चाचा बैलांना नाल ठोकायचे. पोरगा लेथवर गेला आणि एमआयडीसीत नावाजला. दादांना मिलमध्ये चिकटवलं तेही त्यांनीच. शंभरातला एक भाग मोजणारा त्यांचा हात. दादांनी खिशातून जुनी कमान काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

दादांनी नंतर आम्हाला सांगितलं ते असं : मिस्त्रींनी कमान उचलली, व्हर्नियर लावायला घेतला आणि विचारलं, "कशाची?"

"आबांच्या पिस्तुलाची."

मिस्त्रींनी व्हर्नियर बाजूला ठेवला. कमान मात्र हातातच धरून राहिले. खालच्या भट्टीचा आवाज चालू होता. मग म्हणाले, "आबांला इचारलं का?"

"त्यांना काय विचारायचं? दुरुस्तच करायचंय."

"नाही. आधी आबांला इचार. ते हो म्हणले तर मी करून देतो." आणि कमान रुमालात बांधून परत दिली.

त्या रात्री जेवणं झाल्यावर दादांनी ओट्यावर रुमाल सोडला. आबा बाजेवर बसले होते. त्यांनी कमान पाहिली, आणि पहिल्यांदा विचारलं, "मिस्त्री काय म्हणला?" दादांनी सांगितलं. आबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग जे बोलले ते मी त्या एका रात्रीखेरीज पुन्हा कधी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही.

ते समजायला थोडं मागं जावं लागेल. १९४७ च्या ऑगस्टात देश स्वतंत्र झाला, आम्ही नाही. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि निजामाला भारतात यायचं नव्हतं. स्वामी रामानंद तीर्थांना पंधरा ऑगस्टलाच अटक झाली. लातूरचा वकील कासिम रझवी याची रझाकार संघटना गावागावांत माजली; लूट, जाळपोळ, खून. कितीतरी कुटुंबं सरहद्द ओलांडून वऱ्हाडात, खानदेशात, सोलापूरकडं गेली. सरहद्दीवर तरुणांचे कॅम्प उभे राहिले. जे मागं राहिले त्यांनी दागिने पुरले, धान्य पुरलं आणि हत्यारंही पुरली, कारण घरात हत्यार सापडलं की घर गेलं. आमच्या पणजोबांनी पिस्तूल तेलकट फडक्यात गुंडाळून पेवात ठेवलं. ज्यांनी पेव पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, जमिनीत खोल खणलेलं धान्याचं कोठार, वरून तोंड लिंपलेलं. पेवात ज्वारी टिकते, पण पावसाळ्यात ओल येतेच. पिस्तुलानं तिथं दोन पावसाळे काढले. कमानीवरचे ते खड्डे तेव्हाचे.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. औरंगाबाद लगेच पडलं, पाठोपाठ जालना. १७ तारखेच्या संध्याकाळी निजामानं रेडिओवरून हार मानली. आपण तो दिवस मुक्तिदिन म्हणून साजरा करतो, आणि करायलाच हवा. पण त्यानंतरच्या दिवसांबद्दल आपण कमी बोलतो. रझाकारांचा राग साध्या मुसलमानांवर निघाला. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता असे शेतमजूर, पिंजारी, विणकर मारले गेले. भारत सरकारनंच पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांची समिती पाठवली. त्यांच्या अहवालात मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा आहे. उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा हे जिल्हे सगळ्यांत जास्त पोळले. औरंगाबाद जिल्हा, ज्यात तेव्हा जालना होतं, त्या मानानं कमी. पण सुटला नाही. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही.

आबा तेव्हा सव्वीस वर्षांचे. पेव उघडून पिस्तूल बाहेर काढलं होतं. गावात रोज नवी आवई. पळालेले रझाकार ज्वारीत लपलेत, रात्री गाव पेटवणार आहेत. पोरांनी गस्त घालायला सुरुवात केली. आबांच्या कमरेला पिस्तूल.

"ज्वारी डोक्याच्या वर गेलती," आबा म्हणाले. "चांदणं नव्हतं. ओढ्याच्या अंगानं कणसं हालली. म्या हटकलं, कोण हाय? आवाज नाही. पुन्हा हटकलं. आवाज नाही. काळं काहीतरी उभं राहिलं, मोठ्या डोक्याचं. म्या घोडा ओढला अन् दाबलं."

आम्ही सगळे गप्प.

"टक् झालं. नुसतं टक्. दुसऱ्यांदा दाबणार, तितक्यात आवाज आला. पाटील, मारो नक्को, मैं हूँ." आबांनी मळलेला तंबाखू तसाच झटकून टाकला. "नालबंद व्हता. खांद्यावर पोरगं. मोठं डोस्कं म्हून जे दिसलं ते पोरगं व्हतं. ते रडू नये म्हून त्यानं त्याच्या तोंडावर हात धरला व्हता, स्वतःचंबी तोंड बंद ठेवलं व्हतं. म्हून दोन्ही वक्ताला आवाज दिला नाही. चार वर्साचं पोरगं. घोडा बरोबर त्याच्याच छातीवर धरला व्हता म्या."

दादांच्या हातातली कमान खाली पडली नाही वगैरे काही झालं नाही. त्यांनी ती नीट रुमालावर ठेवली. त्यांना कळलं होतं ते चार वर्षांचं पोरगं कोण. मलाही कळलं.

आबांनी त्या दोघांना वाड्यात आणलं, बळदात ठेवलं, तीन आठवडे. धान्याच्या त्या अंधाऱ्या खोलीत आजी भाकरी सरकवायची. शेजारच्या गावाहून जमाव आला तेव्हा आबा दारात हेच पिस्तूल घेऊन उभे राहिले. "चालत नाही ह्ये मला ठाऊक व्हतं, त्यांना नव्हतं." गावात जी गोष्ट फिरली, पाटलानं पिस्तूल घेऊन दार अडवलं, ती खरी होती. फक्त समोर रझाकार नव्हते. आपलेच लोक होते.

"मग हे तुम्ही कधी सांगितलं कसं नाही?" दादांनी विचारलं.

"काय सांगू? दार अडवलं ते सांगितलं तर टक् झालेलंबी सांगावं लागंन." आबा म्हणाले. "लोक म्हणतेत पाटलानं जीव वाचिवला. म्या कुठं वाचिवला? म्या तर दाबलं व्हतं. त्या गंजानं वाचिवलं."

चाचांनी पुढं मरेपर्यंत आमच्या बैलांच्या नालांचे पैसे घेतले नाहीत. त्याचं कारण आम्ही आजवर उपकाराची फेड समजत होतो. आबा दर पोळ्याला त्यांच्या घरी पुरणपोळी आणि धोतरजोडी घेऊन स्वतः जायचे, त्यालाही आम्ही पाटीलकीची रीत समजत होतो. कोण कुणाची फेड करत होतं हे त्या रात्रीनंतर मला सांगता येत नाही.

शेवटी दादांनी विचारलं, "मग काय करू? नवी कमान बसवू की नको?"

आबांनी लगेच नाही म्हटलं नाही. म्हणाले, "तू फिटर हायेस. तुला जे बरं वाटंल ते कर. पर बसवलीस तर त्या मिस्त्रीच्या हातून नको बसवून घेऊ."

दादांनी जुनी कमान साफ केली, तेल लावलं आणि परत जागेवर बसवली. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना एखादी बिघडलेली वस्तू मुद्दाम तशीच ठेवताना पाहिलं. ट्रकच्या पाट्याचा तुकडा लोहारमामांकडं गेला. त्याचे दोन विळे झाले. एक आम्ही ठेवला, दुसरा मामांना मजुरीत दिला. आमचा अजून चालतो. दरवर्षी ज्वारीच्या सुगीत धार लावली की पुरे.

मिस्त्रींना मी पुढं एकदा विचारलं होतं. ते निवृत्त होऊन गावी आले होते. त्यांना ती रात्र आठवते का? म्हणाले, "रात आठवत नाही. बापाचा हात आठवतो, तोंडावरचा. नालाचा, घामाचा वास." टक् झालेलं त्यांनी ऐकलं होतं की नाही, तेही त्यांना सांगता आलं नाही. बापानं सांगितलं म्हणून त्यांना माहीत होतं. आणि बापानं हेही सांगितलं होतं की पाटलाला कधी विचारू नको.

परवाना दादांच्या नावावर झाला, पण पिस्तूल त्यांनी कधी कमरेला लावलं नाही. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायचं, संपली की आणायचं, एवढाच त्याचा प्रवास. २००१ साली आबा गेले. मिस्त्री खांदा द्यायला पहिल्या चौघांत होते. तेरावा झाल्यावर दादांनी परवाना रद्द करायचा अर्ज दिला आणि पिस्तूल, सहाही काडतुसांसकट, ठाण्यात कायमचं जमा केलं. मी बरोबर होतो. हवालदारानं एकेक काडतूस मोजून घेतलं. खड्डा पडलेल्यावर त्याचा हात जरा थांबला, पण त्यानं काही विचारलं नाही. मग पिस्तुलाचा घोडा ओढून पाहिला, हसला आणि म्हणाला, "काका, इतकी वर्षं सांभाळलं, एवढी स्प्रिंग बदलून घ्यायची ना."

दादा म्हणाले, "राहून गेलं."

पावती अजून घरी आहे. तिच्यावर निळ्या शाईत लिहिलंय : हत्यार एक, काडतुसं सहा, हत्यार नादुरुस्त.